सिंगल की डबल

"सिंगल की डबल?"
नळी हातात घेऊन शाजी विचारतो, माझ्याकडे न बघता.
मी म्हणतो, डबल.
अकरा वर्षं हेच म्हणत आलोय.
पुढे पंचवीस, मागे बत्तीस.

बत्तीस म्हणजे लोणकर.
ब्याण्णव किलो, वर डबा,
वर ते हेल्मेट, जे डोक्यापेक्षा कोपरातच जास्त असायचं.
धनकवडी ते भोसरी, रोज,
माझ्या पाठीशी बसून
दिसेल त्या माणसाची चूक सांगत.
वाकडेवाडीला कुणी उजवीकडून घुसला
की हात आडवा करून त्याला थांबवायचा,
जणू गाडी तोच चालवतोय.

कंपनीत तो गेज विभागाला.
मापांची मापं काढायची, हे काम.
पंपावरच्या काट्यावर भरवसा शून्य.
"तो काय अंगारा आहे?
देतील तेवढा घ्यायचा, विचारायचं नाही?"
म्हणून खिशात स्वतःचा पितळी गेज, पेनाएवढा,
आणि दर सोमवारी, किक मारायच्या आधी, तपासणी.
"थंड असतो तोवरच टायर खरं बोलतो.
चार चौक पळाला की फुगतो,
आपल्या उंडेसाहेबांसारखा."
मी उकिडवा, तो उभा,
व्हॉल्व्हची टोपणं त्याच्या मुठीत.
तरी महिन्याला एक हरवायचंच.

मग स्वारगेटहून मेट्रो सुरू झाली.
आधी म्हणाला, पावसाळ्यापुरतं.
दिवाळीत गुडघा पुढे आला.
मग त्यानं कार्डच काढलं.
एकदा कँटीनमध्ये म्हणाला, एसी असतो रे,
आणि ताटातली कोशिंबीर माझ्याकडे सरकवली.
गेज माझ्या टूलबॉक्समध्ये राहिला.
ना त्यानं मागितला, ना मी दिला.

आज शाजीनं मागचं चाक हातानं फिरवलं,
थांबवलं, टायरच्या मधोमध अंगठा ठेवला.
"काका, एकटेच चालवता ना?"
कशावरून?
"कडेची नक्षी बघा, नवी आहे.
मधे टक्कल.
हवा जास्त, वजन कमी.
डबल बोलता. डबल कुठाय?"

वाकून पाहिलं.
दोन बोटं रुंद, गुळगुळीत पट्टा.
सातारा रस्त्याचा प्रत्येक गतिरोधक
हल्ली मणक्यात का लागायचा, ते कळलं.
मी वयावर ढकलत होतो.

"मग अठ्ठावीस कर."
त्यानं पिन दाबली.
रबराचा वास असलेली गार हवा
माझ्या मनगटावरून गेली.
फार वेळ लागला नाही.
शेजारच्या टपरीवाल्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सवयीनं गेज काढला, लावला.
तीस.
शाजीच्या काट्यावर अठ्ठावीस.
"तुमचा जुना झाला," शाजी म्हणाला.
गेजवर पिवळी चिठ्ठी, कडा उडालेल्या:
पुढील तपासणी मार्च.
खाली लोणकरची सही, शेपटीवाली.
आता डिसेंबर.

फोन केला.
मागून बाईचा आवाज, पुढील स्थानक वगैरे.
तुझ्या गेजची तपासणी थकलीय, म्हटलं.
नमस्कार नाही, कसा आहेस नाही.
"गाडी चालवत नेलीस की ढकलत?"
ढकलत.
"घरापासून?"
घरापासून.
"मग तीसच असणार. शाजीचा काटा मला माहितीय.
थांब, हवा काढू नकोस अजून."
दारं उघडल्याचा आवाज. माणसं.
मला वाटलं, कट झाला.
"रविवारी घेऊन ये घरी. गेज.
म्हणजे, गाडीच आण. बघतो."
बरं.
"आणि टोपणं लाव आधी."

खाली पाहिलं.
मडगार्डपाशी एक होतं.
दुसरं शाजी आणि मी
अजून शोधतोय.