वास

बातमी लागली तेव्हा ओर्फेलिना
शेवाळाच्या मोळ्या बांधत होती.
चिलोए बेट, कुकाओचा किनारा,
कोपरापर्यंत ओली.

कुठल्याशा ग्रहाच्या हवेत
एक वायू सापडलाय म्हणे,
आपल्याकडे जो समुद्रातल्या शेवाळाला सुटतो.

बाल्दोमेरो म्हणाला, थापा!
पैसे उकळायचे असतील कुणाकडून तरी.
दुकानातल्या बाईनं छातीवर क्रूस काढला
आणि पाव मोजताना अकरावर चुकली,
पुन्हा एकपासून.
नातू फोनमधून मान वर न काढता म्हणाला,
आजी, 'कदाचित' म्हणालेत ते.
'कदाचित' ऐकलंस ना?

ऐकलं की.
व्यापारी दर शनिवारी तोच शब्द ठेवून जातो
पैशांच्या जागी.

तिनं हात नाकाशी नेले.
लिंबू झालं, राख झाली, लग्नातला महागडा साबण झाला,
चाळीस वर्षांत गेला नाही तो.
कास्त्रोच्या बसमध्ये
तिच्या शेजारची जागा रिकामीच राहते.

तिकडेही असेल का कुणी
असंच खिडकीशी बसलेलं?

ग्रहाचं नाव तिनं दोनदा विचारलं.
नाव नव्हतंच.
अक्षरं नि आकडे नुसते,
मोळ्यांवर डकवतात तसे.