खरारा

चावी उलट्या बादलीखाली असते, हे अख्ख्या गावाला ठाऊक,
चोरालाही असावं. पण इथून न्यायचं काय?
तीन खोगिरं, त्यातलं एक उसवलेलं,
आणि बावीस वर्षांचा मूग,
जो फाटक सताड उघडं असलं तरी आतच उभा राहतो.

मूग म्हणजे वेल्शमध्ये धूर. रंगच तसा.

सहा वाजता दरी काळीकुट्ट. पलीकडच्या उतारावर
खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर,
आता गवत पांघरून खराखुरा डोंगर असल्यासारखा.
पाण्यावर बर्फाची साय धरलेली असते.
ती टाचेनं फोडायची, तुकडे हातानं काढायचे,
नाहीतर तो पीत नाही, नुसतं नाक लावतो
आणि माझ्याकडे बघतो, जणू मीच गोठवलंय.

मग लीद. दोन ढकलगाड्या, वाफाळत्या.
मग चंदी, मोजून, दीड डबा, भिजवलेली.
मोजून म्हणजे मोजूनच.

कारण मूग चाळीस जणांचा आहे.
महिन्याला पाच पौंड दिले की घोड्याचा चाळिसावा हिस्सा आपला.
कुणाला शेपूट, कुणाला खूर, अशी वाटणी होत नाही,
म्हणून सगळ्यांनी त्याचं तोंडच वाटून घेतलं.
मागच्या एप्रिलात एकाच रविवारी अकरा जण आले,
एकेकटे, खिशात गाजरं, सफरचंदं, शिळा पाव,
बिचाऱ्याला आज कुणी काही दिलं नसेल म्हणून.
रात्री तो मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता.
उजाडेपर्यंत त्याला फिरवला, पाळीपाळीनं,
अकराही जण पावसात,
कुणी कुणाकडे बघेना.

तेव्हापासून हा फळा. खडूनं लिहायचं: कोणी, काय, किती.
खाली मिसेस प्रॉसरच्या शिक्षिकी अक्षरात:
प्रेम उतू जात असेल तर लीद उचला.

इड्वलचे सोमवार आणि गुरुवार.
पंधराव्या वर्षी खाणीत उतरला, घोड्यांमागे.
खाली कसं होतं विचारलं तर म्हणतो, ओलं.
बास, एवढंच.
तो आला की खरारा माझ्याकडे, खूर त्याच्याकडे.
मी मानेपासून गोल गोल घासत मागे सरकते,
धूळ उडते, हिवाळी केसांचे पुंजके बुटांवर पडतात.
तो मुगाला खांदा टेकवतो,
नडगीवरून हात खाली नेतो, म्हणतो, दे.
मूग पाय देतो.
आकडीनं चिखल, अडकलेला खडा,
मग मधल्या मऊ त्रिकोणावर अंगठा,
मग वास. कुजकं काही नाही ना?
खूर हातानं वाचायचा असतो, पोरी.
पोरी म्हणजे मी. चौपन्न पूर्ण.

या सोमवारी मी बटण दाबलं
तर दिवा पेटलाच नाही.
मोबाइल गाडीत राहिलेला.
अंधारात चाचपत खरारा शोधत होते,
तेवढ्यात तो आला, नेहमीच्या पावलांनी,
कोट नेहमीच्या खिळ्याला लावला
आणि चौथा खूर खाली ठेवता ठेवता म्हणाला,
दिवा लावलास ते बरं केलंस,
नाहीतर तू नेहमी विजेची काटकसर करतेस.

मूग गप्प. मीही.
फक्त एक दिसलं, म्हणजे ऐकू आलं:
तो वाकायच्या आधीच
मूग पाय उचलून धरत होता,
नेमका त्याच्या हाताच्या उंचीवर.
हे कधीपासून चाललंय कोण जाणे.

आठला मला शाळेची बस काढायची असते.
निघताना फळ्यावर माझं बुधवारचं नाव बाहीनं पुसलं,
गुरुवारी लिहिलं, त्याच्या नावाखाली.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
लिहिलं: बुधवारी दाताच्या डॉक्टरकडे.

दुपारी नवा दिवा घेतला. चाळीस वॅटचा.
बसवताना उगाच इकडेतिकडे बघितलं.
मूग पेंढा चावत होता,
आणि खाल्लेलं काही फळ्यावर नव्हतं.