कोर्ट

हडसन, ओहायो. टाउन हॉल, मंगळवारची संध्याकाळ.
प्रत्येकाला तीन मिनिटं,
आणि समोर उलटं मोजणारं घड्याळ.

मिसेस हॅलोरन उठल्या.
चष्मा शोधण्यातच चाळीस सेकंद गेले.
मग म्हणाल्या, चेंडूचा आवाज.
पोहायच्या तलावाचं काही नाही, पोरांच्या आरडाओरड्याचंही नाही,
तो एकच टप्,
आणि पुढचा टप् येईपर्यंत ताटकळणं.

क्लिफर्डने नकाशा आणला होता,
आमचं पाणी त्याच्या तळघरात कसं उतरेल
त्याचे निळे बाण काढलेला.
एक बाण चक्क चढावर जात होता.
मी काही बोलले नाही.

निरंजन कानाशी लागला : वकील बघू या.

माझ्या माहेरी वीतभर बांधासाठी
दोन चुलत घरं एकोणतीस वर्षं तारखा घेत राहिली.
निकाल लागला तेव्हा
नेमकी वीत कुठली
हे दाखवणारं कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी मी परसात रेघ मारली.
चुना नव्हता, मैदा घेतला.
बारा फूट आत.
कुंपणापलीकडे मिसेस हॅलोरन, हातात कॉफी,
पायांत नवऱ्याचे मोठे बूट.
"अजून थोडं."
मी पुसू गेले. मैदा पुसला जात नाही, पसरतो.
तिसऱ्या रेघेला त्या फाटक उघडून आत आल्या,
म्हणाल्या, वाकडी आहे,
आणि घरून सुतळी घेऊन आल्या.
एक टोक त्यांनी धरलं, एक मी.
ताणली, तेव्हा कळलं
हात त्यांचाही थरथरतो.

रविवारी दहाच्या आधी खेळ नाही.
रात्रीचे दिवे नाहीत.
पंप पेटीत बंद. क्लिफर्डच्या बाजूने चर, खर्च आमचा
(चढावरच्या बाणासकट).
तलाव इतका आखडला
की निरंजन त्याला हौद म्हणतो.
मल्लिका फणफणली, बेसलाइनमागे पळायला जागाच नाही!
म्हटलं, बाई गं,
कोर्ट टळावं म्हणून कोर्ट सरकवलंय.
ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मैद्याला मुंग्या लागल्या.
आमची हद्द कणाकणाने उचलून
कुंपणाखालून पलीकडे नेत होत्या,
कुणाचीही सही न घेता.

आता जून.
रविवारी दहा वाजून एक मिनिटाने
पहिला टप्,
आणि पाठोपाठ हॅलोरनांची खिडकी बंद होते,
आम्हाला ऐकू जाईल अशी.

मल्लिका क्षणभर थांबते,
चेंडू दोनदा हातातच फिरवते.
दुसरी सर्व्हिस जरा हळू मारते.