नोंद क्रमांक एक्केचाळीस

इब्राच्या बाहेर, कोरड्या वादीच्या कडेला
मी एका कुंपणाची मापं घेतो आहे.
लांबी एकशे बारा मीटर. उंची कुठे छाती, कुठे गुडघा.
साहित्य : माती, पेंढा, मधूनच खजुराची एखादी बी.
बांधल्याचं साल : प्रश्नचिन्ह.
बांधणारा : अज्ञात.

'अज्ञात'वरची शाई वाळायच्या आत
रुहुल आमीन घमेलं घेऊन येतो, कोपरापर्यंत चिखल.
ओल्या लिंपणावर त्याचा पंजा उठतो
आणि उन्हात डोळ्यांदेखत फिका होतो.
सिल्हेटकडचा. सतरा वर्षं हीच भिंत.

आत लसूणघासीचे चार वाफे, थोडी लिंबं,
वर खुनैझीचे घोस, जाळीत बांधलेले.
फलजचं पाणी भिंतीखालच्या भोकातून शिरतं,
पाणीपाळी संपली की शेजारच्या बागेत जातं.
भोकाला रकाना नाही.
मी ते 'हानी'खाली लिहिलं होतं.
हमूद बिन नस्रनं मोठ्यानं वाचायला लावलं, हसला,
म्हणाला, दार लिही.
खोडलं. दार लिहिलं.

आता फलक लागेल : संरक्षित.
कलम नऊ, मूळ बांधकामाला हात लावू नये.
माझ्या मोडक्या अरबीत मी हे त्याला सांगतो,
नेमका 'हात' हा शब्द तेवढा चोख येतो.
तो भिंतीकडे बघतो, रुहुलकडे, घमेल्याकडे.
मग ती पुढच्या पावसापर्यंत आहे, म्हणतो.
तिला दरसाल याच वाफ्यातली माती लागते.

आमच्याकडे म्हण आहे, कुंपणच शेत खातं.
इथे खरंच खातं,
घमेल्या-घमेल्यानं, थोरल्या लेकाच्या हक्कानं,
आणि एका पावसात सगळं वाफ्यात परत करतं,
वर व्याज म्हणून पेंढा.

(सावंतवाडीकडे आम्ही जांभ्याचे गडगे घालतो.
ढासळला की आधी भांडण, मग दुरुस्ती.
कुणी नोंद मागितली नाही,
आणि भांडायलाही आता दोघंच उरलेत.)

सद्यस्थिती. पर्याय तीन :
उत्तम, बरी, जीर्ण.
मी चौथा चौकोन काढतो, जरा वाकडाच,
त्यापुढे लिहितो : ओली.

भाईजान, टेप उचला,
रुहुल म्हणतो,
तिथलं राहिलंय अजून.