दोन ओ

माउस मेला तर मेला, रेवण्णा, रडतोस काय बे.
अक्कलकोट रोडच्या या उन्हात माणसं टिकत नाहीत,
अडीचशेचा माउस कुठला टिकतोय.
हात इकडं आण. कळफलकावर.
ही काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी दांडी,
विचारतेय, कुठं जायचं?
सात रस्त्यावर रिक्षावाला विचारतो ना, तसंच. तुसड्यासारखं.

सीडी लिही. जागा सोड. मग पत्ता.
अख्खा पत्ता कोण लिहीत बसतंय?
पहिली दोन-तीन अक्षरं दे आणि टॅब दाब,
पुढचं ती लिहील.
आमच्या बोळात तू नुसतं ‘गज्ज’ म्हण,
पोरं ‘गज्जम मास्तर, निळं दार’ म्हणून मोकळी.
गप्प बसली तर समज, त्या नावाचे दोघंतिघं आहेत.
पुन्हा दाब. सगळे ओळीनं उभे राहतील,
हाक कुणाला मारायची ते तुझं तू बघ.

दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर.
चादरीतून डिझाइनमध्ये, डिझाइनमधून घरात,
घरातून…
बस की रे. किती चढशील.
‘अक्का, आता वर जाईना झालंय.’
मुळाशी पोचलास. तिथं दोन टिंबं
हजारदा मारलीस तरी हलत नाहीस,
आणि गंमत म्हणजे, चुकलास असंही कुणी म्हणत नाही.

नुसतं सीडी आणि एंटर: घरी.
कुठंही असलास तरी.
पाळी संपली का, गेटपास कुठंय, कुणी विचारत नाही.

आणि हे माझं लाडकं.
सीडी, जागा, आडवी रेघ.
जिथून आलास तिथं परत.
पुन्हा मार, पुन्हा इथं.
धोटा बघितलायस कधी? कसा बघशील,
तू आलास तोवर रॅपियर आले.
माझा बाप बत्तीस वर्षं त्याच्याकडं बघत उभा होता,
या काठाकडून त्या काठाकडं,
त्या काठाकडून या काठाकडं,
झोपेतसुद्धा मान हलायची त्याची.
धोट्याला मागचा एकच काठ ठाऊक.
या रेघेलाही तेवढंच आठवतं,
मागचं एक ठिकाण. त्याच्या मागचं विचारू नको.

त्याच्या मागचं हवं असेल तर
कंट्रोल धर आणि आर दाब.
शेठना मोराची जुनी चौकट पाहिजे ना?
लिही, एम, ओ.
थांब.

बघ काय आलं.
सीडी, डिझाइन, चादर, मोर-जुना.
पण मोरात दोन ओ.
हे मास्तरांचं लिहिणं.
सातवीपर्यंत तेलुगू शाळा, मग थेट मागावर,
मग साठीला टेकल्यावर हे मशीन.
एका बोटानं लिहायचे, जीभ दातांत धरून.
जाऊन तीन वर्षं झाली.
इथं फारसं कुणी काही लिहिलं नाही,
म्हणून त्यांची ओळ वर राहिली.

मार एंटर.

‘अशी डिरेक्टरी नाही म्हणतंय, अक्का.’

नसणारच.
गड्ड्याच्या सुट्टीत मी एकटीच होते इथं,
काम नव्हतं,
म्हणून सगळ्यांची स्पेलिंगं नीट करत बसले.
एक ओ काढला.
केवढं बरं वाटलं होतं तेव्हा.

एम, ओ, टॅब. हां, हीच चौकट.
शेठना पाठवून दे, त्यांना काय, मोर मिळाल्याशी कारण.
जा, डबा खाऊन घे,
भाकरी कडक आहे, चटणी जपून, तिखट आहे.

तो गेल्यावर मी नाव पुन्हा बदललं.
वरचा बाण दाबत दाबत मास्तरांच्या ओळीपर्यंत गेले,
एक अक्षरही न बदलता
एंटर मारला.

दांडी खालच्या ओळीवर आली.
काही तक्रार नाही.
बाहेर कांडीवाल्या बायका नळावर हात धूत होत्या.