गाडीखालचा आरसा

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर
महापालिकेचा दवाखाना.
तिथे दर गुरुवारी अकराला साखरेची शाळा भरते.
मी रात्रपाळी उतरून तसाच जातो,
युनिफॉर्मात, शिट्टी खिशात.
पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं,
दारावर नवा माणूस दिलाय.

कांदळगावकर सिस्टर फळ्यावर ताट काढतात.
अर्ध्यात भाजी. पाव हिश्शात डाळ.
उरल्या पावात भात, नाहीतर भाकरी.
"उरल्या पावात पाव चालेल?"
इस्माईलभाई शिलाईवाले विचारतात.
सिस्टर हसतात, खडू हातातून निसटेपर्यंत.
मग खडू उचलून म्हणतात, "अर्धा."

शेवंताबाईंची वड्याची गाडी.
"दिवसभर तळायचं मी,
आणि मीठ बघायला माणूस ठेवायचा?"
याचं उत्तर तक्त्यावर नव्हतं.

एका गुरुवारी सुई.
हातात एकेक मोसंबं देऊन पाणी टोचायला लावलं.
बायकांचे हात सराईत.
मी मनातल्या मनात मोसंब्याची माफी मागितली.
नंतर ती नऊ मोसंबी टेबलावर तशीच,
भोवती आम्ही वीस जण,
आणि कुणी कुणाकडे बघेना.

मग गोळ्यांचा कागद. तीन खण:
सूर्य, डोक्यावर आलेला सूर्य, चंद्र.
मी उभा राहिलो.
म्हटलं, बाई, माझी सकाळ संध्याकाळी साडेसहाला होते.
जेवतो रात्री दोनला, डब्यातलं गार.
सूर्याची गोळी कधी घेऊ?
सिस्टर कागदाकडे बघत राहिल्या.
"माहीत नाही," म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारून सांगते."
सरकारी टेबलाच्या पलीकडून
हे दोन शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.
पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्या कागदावरचा चंद्र खोडला
आणि तिथे डबा काढला,
झाकण उघडं असलेला.

"खरात, आता बूट काढा."
मोज्याला भोक. अंगठा बाहेर.
डोळे मिटा म्हणाल्या, टेकलेलं कळलं की हो म्हणा.
मी हो म्हणालो. हो म्हणालो.
मग बराच वेळ वाट बघितली.
हो. आणखी एकदा हो.
डोळे उघडले तर त्यांच्या हातात
नायलॉनचा एवढासा धागा.
"दहा वेळा टेकवला, खरात. चारदा हो म्हणालात."
म्हणजे सहा जण आत शिरले
आणि माझ्या वहीत नोंद नाही.

"रोज तळपाय बघायचा. वाकवत नसेल तर आरसा धरा."

घरात आरसा एकच, खिळ्याला,
कडेने सुनेच्या टिकल्या चिकटवलेल्या.
तो पायाखाली कसा धरू?

पवईचा टॉवर. रात्रीचे तीन.
कंपनीने मला एक गोल आरसा दिलाय,
दांड्याचा, खाली चाकं लावलेला.
अकरा वर्षं त्यातून गाड्यांची पोटं बघतोय.
चिखल बघितला, तेल बघितलं,
एकदा मांजराचं पिल्लू.
ज्यासाठी बघायचं ते कधी दिसलं नाही.

आज खुर्ची ओढली. बूट काढले.
आरसा स्वतःकडे सरकवला, वर बॅटरी मारली.

हा माझा पाय.
भेगा आमच्या टेकडीवरच्या गल्ल्यांसारख्या,
कुठून निघून कुठे जातात पत्ता नाही.
आणि टाचेजवळ एक खडा,
रुतलेला, कधीचा कोण जाणे,
भोवती लाल, थोडं ओलं.
दुखत नव्हतं.
तेच वाईट, सिस्टर म्हणाल्या होत्या.

इतक्यात हॉर्न. तेराव्या मजल्यावरचे साहेब.
काच खाली करून, "काय चाललंय?"
म्हटलं, तपासणी, सर. दोन मिनिटं.

ते थांबले.

मी खडा काढला, बाटलीतल्या पाण्याने जागा धुतली,
वर स्वच्छ रुमाल बांधला.
बूट उलटा करून झटकला,
मग दुसरा,
मग गेट.