अकरा

खडकी बाजारात बोळाच्या तोंडाशी माझं दुकान.
दुकान म्हणजे एक ओटा, दाभण, मेणाचा दोरा
आणि वर टांगलेले फुटबॉल, पोटं आत गेलेले.
शनिवारी सहानंतर इथे काम होत नाही,
भांडण होतं.

तंगवेल म्हणतो, वेआ. विषय संपला.
पंच्याण्णव साली जगात पहिला,
पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष. अजून काय पाहिजे?
"राष्ट्राध्यक्ष झाला ते खेळात धरायचं?
मग माझं पेन्शनपण धर," सायमन ओव्हाळ म्हणतो,
फॅक्टरीच्या टीमचा जुना राइट बॅक, दोन्ही गुडघे गेलेला.
त्याचा माणूस रॉजर मिला.
अडतिसाव्या वर्षी वर्ल्ड कपात गोल मारून
कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नाचला.
हे सांगताना सायमन उठतोच,
कंबर धरून दोन पावलं टाकतो,
चहावाला म्हणतो, बसा काका.

मुनीर बागवान भाव सांगावा तसा सांगतो,
एटो. आफ्रिकेत चार वेळा पहिला. घ्या लिहून.
त्याचा भाचा मध्येच सालाह म्हणतो
आणि सगळे मिळून त्याला गप्प करतात,
तेवढ्यापुरती एकी.

मी म्हणतो, येकिनी.
नायजेरियाचा वर्ल्ड कपातला पहिला गोल त्याचा,
गोल झाल्यावर जाळीत हात घालून ओरडला, रडला.
मी दोऱ्यात हात घालणारा माणूस,
मला तेवढंच कळतं.

मग हातिम येतो. आमच्या टीमचा गोलकीपर,
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
"दादा, अंगठा उसवलाय."
ग्लोव्ह माझ्याकडे, आणि तो सगळ्यांच्या तावडीत:
तूच सांग, तू तिकडचा.

"ओमदुरमानहून लायबेरिया किती लांब, माहितीये?
बरं, तुम्ही सांगा,
आशियातला सगळ्यात भारी कोण?"
चहा निवेपर्यंत कोणी बोलेना.
शेवटी तंगवेल, हळूच:
"आशियात जपान धरायचं का?"

हसणं ओसरल्यावर हातिम म्हणाला, द्रोग्बा.
गोलांसाठी नाही.
मॅच जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून
आपल्याच देशाला म्हणाला, बंदुका खाली ठेवा.
"ठेवल्या?" मुनीर.
"थोडे दिवस."
त्याने ओट्यावरचा फोन उलटा करून पाहिला,
परत पालथा घातला.
घरचा नंबर मंगळवारपासून लागत नाही.

पेंढारकरांचं मी नंतर काढणार होतो,
पण सुई चालू असली की तोंड थांबत नाही.
बोपोडीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी.
दर रविवारी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गोलमागे,
"आपला हातिम!" म्हणून घसा बसवणारे.
दापोडीविरुद्ध त्याने पेनल्टी अडवली
तेव्हा शंभराची नोट खिशात कोंबली होती त्याच्या.
जूनमध्ये खोली विचारली तर म्हणाले,
माझं काही नाही रे, कमिटी ऐकत नाही.
अकरा महिन्यांचाच तर करार.
मैदानावरच्या अकरात तो पहिला,
कागदावरच्या अकरात त्याला जागा नाही.
सध्या चौघांत एका खोलीत झोपतो, पाळीपाळीने.

"जाऊ द्या दादा," हातिम म्हणाला,
"खुर्ची सावलीत ठेवत जा म्हणावं त्यांना, ऊन लागतं."

मी दोरा दातांनी तोडला.
त्याने ग्लोव्ह चढवला, मूठ वळली, उघडली.
घट्ट झालंय.
होईल सैल, म्हटलं, दोन-चार बॉल लागले की.

सायमन इतका वेळ गप्प होता, गुडघे चोळत.
"उद्या हाफ टाइमला," तो म्हणाला,
"मी टेकतो पेंढारकरांच्या खुर्चीसमोर.
टेकायला जमेल मला.
उठवायला दोघं लागतील."

ते दोघं कोण,
यावरून पुन्हा सुरू झालं.